आमदारांचा दम

कबड्डी लीगचा अंतिम सामना. खेळाडू मॅटवर कधीचे ताटकळत होते, अंग थंड पडत होतं. पण परंपरावादी पक्षाचे आमदार टोणपे माइक सोडतील तर शपथ! उद्घाटन कसलं, प्रचारसभाच ती!

"चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ? हे कसले नखरे? आपल्या परंपरेत चढाई एका दमात व्हायची. दम तुटला की खेळाडू बाद! जुने नियम परत आणा!"

एकही सामना न चुकवणारी विमल चौगुले पहिल्या रांगेत केव्हाची चुळबुळत होती. ती ताडकन उठली.

"आणू की साहेब! सुरुवात तुमच्यापासून. उरलेलं भाषण एका दमात करा. दम तुटला की तुम्हीही बाद!"

संतापलेल्या आमदारांनी तिला झापायला छातीभर श्वास घेतला.

अख्खं स्टेडियम गरजलं, "बाद!"