हरिकेनच्या नाकातले शिसे

काम पुरे होते, कारागीर हात धुतो, आणि त्याच वेळी कळते की काहीतरी उणे आहे. या घटनेभोवती फिरणाऱ्या गोष्टी आपल्याकडे जुन्या आहेत. कासारांच्या गोष्टीत नवी घंटा मुकी राहते आणि एका म्हातारीचे जोडवे वितळलेल्या धातूच्या रसात पडल्यावर बोलू लागते. किनाऱ्यावरच्या होडी बांधणाऱ्यांकडे मला असे ऐकायला मिळाले की फुटलेल्या होडीची एक तरी फळी नव्या होडीत गेली नाही, तर ती पाण्याला ओळख देत नाही. पुढे दिलेली गोष्ट याच कुळातील आहे. फक्त तिच्यात घंटा नाही, होडी नाही. तिच्यात रेडिओच्या लहरींवर उडणारे एक मोठे लढाऊ विमान आहे, लाकडाचे आणि कापडाचे.

ती दिंडोरीकडच्या एका माळावर घडली. रविवारी सकाळी वारा पडलेला असताना तिथे हौशी मंडळी आपापली विमाने उडवतात. गोष्टीचे तीन पाठ मला मिळाले. एक निवृत्ती गांगुर्डे या द्राक्ष बागायतदारांचा, दुसरा सुनंदाबाई करमरकरांचा. तिसरा अशा गृहस्थांचा, जे त्या दिवशी माळावर नव्हते; साहजिकच तो सर्वांत सविस्तर आहे. मी पहिल्या दोघांवर विसंबलो आहे.

*

"ही खूण कुणाची?"

प्रश्न दस्तगीर मुलाणींचा होता. वय एकोणऐंशी. हवाई दलात विमानांच्या सांगाड्याची दुरुस्ती करण्यात त्यांची नोकरी झाली होती, आणि निवृत्तीनंतर ते शिलाई मशीन दुरुस्त करीत. माळावर सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

"माझी," विद्याधर करमरकर म्हणाले.

समोर चटईवर हरिकेन उभे होते. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाची चौथ्या हिश्श्याची प्रतिकृती. पंखांचा विस्तार दहा फूट. परदेशातून आलेल्या किटमधून करमरकरांनी ते दोन वर्षे चार महिने खपून उभे केले होते. एकेक रिव्हेट त्यांनी गोंदाच्या थेंबाने उठवला होता.

उस्ताद पंखाखाली वाकून पाहत राहिले.

"नकाशातली तोलाची खूण याच्या बोटभर पुढं आहे, साहेब."

"ती सावधगिरीची आहे. मी नव्याने गणित मांडलं. तोल मागे घेतला तरी चालतंय."

"चालतंय..."

"चाळीस वर्षं हेच केलंय, उस्ताद. पूल आखलेत मी."

उस्तादांनी मान हलवली. त्यात होकार होता की नाही, यावर दोन्ही पाठांत एकमत नाही.

*

इथे या माळाची एक रीत सांगणे आवश्यक आहे. पहिल्या उड्डाणाआधी विमान त्याच्या तोलाच्या खुणेवर, दोन बाजूंनी दोघांच्या बोटांवर, उचलून पाहतात. नाक किंचित झुकले तर ठीक. शेपूट खाली गेले, तर ते विमान जमिनीवरच राहिलेले बरे. हवेत गेल्यावर ते कुणाचे ऐकत नाही. आणि उचलणाऱ्या दोघांत बनवणारा कधीच नसतो.

करमरकर पुढे सरसावले, तेव्हा गांगुर्डे यांनी त्यांना हातानेच थांबवले.

"तुम्ही नाही, साहेब."

"का? विमान माझं आहे."

"म्हणून तर. बनवणाऱ्याचं बोट खोटं बोलतं."

एका बाजूला उस्ताद, दुसऱ्या बाजूला गांगुर्डे. बोटे नकाशातल्या खुणेवर आली. बारा किलोचे विमान चटईवरून वर उठले...

शेपूट धप्पकन खाली बसले.

कडुनिंबाखाली घडीच्या खुर्चीवर करमरकरांच्या पत्नी सुनंदाबाई बसल्या होत्या. त्यांनी थर्मासचे झाकण पुन्हा लावले.

*

"शेपटीत काय घातलंय?" उस्तादांनी विचारले.

"मजबुती. आतून दुहेरी पट्ट्या लावल्यात, वर रंगाचे सहा हात. पुलाला दोन्ही टोकांना सारखंच बळ लागतं."

"पूल उडत नाही ना पण!" गांगुर्डे म्हणाले.

करमरकरांनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

"नाकात वजन घाला," उस्ताद म्हणाले.

"वजन? दोन वर्षं मी एकेक ग्रॅम वाचवलाय. उडायचंय त्याला!"

"उडायचंय म्हणूनच."

"शिसं घालावं लागणं म्हणजे बांधणी चुकल्याची कबुली आहे, उस्ताद. मी हे एकट्यानं, एका हातानं केलंय. याच्यात उसनं काही नाही."

ते खोटे बोलत नव्हते. त्यांना तसेच वाटत होते. शेपटीच्या बुडाशी त्यांनी दोन स्क्रूंनी एक पितळी पाटी बसवली होती. तिच्यावर कोरले होते: 'एकहाती निर्मिती, वि. ग. करमरकर'.

गांगुर्डे यांनी वाकून ती वाचली.

"पाकीट फोडून गुलाबजाम केले, आन् वर पाटी आपली!"

सुनंदाबाईंना हसू आले. ते त्यांनी पदरात लपवले, असे गांगुर्डे सांगतात. आपण मोकळेपणी हसलो, असे सुनंदाबाई सांगतात.

*

उस्ताद हसले नाहीत. ते चटईच्या कडेला बसले.

"पंखाच्या फासळ्या कुणी कापल्या, साहेब?"

"त्या... कापलेल्याच येतात. किटमध्ये."

"हं."

ते थोडा वेळ पंखावरून तळहात फिरवत राहिले. कापड डफासारखे ताणलेले होते. कुठे सुरकुती नव्हती.

"कापड छान बसलंय."

"तीनदा काढून पुन्हा लावलं."

"दहा फुटांचं कापड. एका टोकाला तुम्ही ताण दिला असणार."

"हो."

"दुसरं टोक कुणी धरलं?"

करमरकरांनी कडुनिंबाकडे पाहिले. थर्मास मांडीवर घेऊन सुनंदाबाई माळाच्या दुसऱ्या कडेला चरणाऱ्या शेळ्या बघत होत्या.

"सुनंदानं," ते म्हणाले.

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"हं," उस्ताद म्हणाले.

*

तिसऱ्या पाठात याच ठिकाणी करमरकर उस्तादांच्या पाया पडतात. प्रत्यक्षात ते चिडले.

"उस्ताद, एकोणीस पूल आखले मी. एकोणीस! कोनशिला वाचा एकेका पुलाची. मंत्र्याचं नाव आहे, ठेकेदाराचं आहे, एका ठिकाणी तर मंडपवाल्याचं आहे. माझं कुठंही नाही. हे एक तरी माझं असू दे की!"

गांगुर्डे जमिनीकडे बघू लागले.

उस्तादांनी त्यांना बोलू दिले. मग शांतपणे विचारले,

"पडला का एखादा?"

"काय?"

"पूल."

"...नाही. एकही नाही."

"रोज किती माणसं जात असतील."

उस्ताद उठले, आपल्या स्कूटरच्या डिकीतून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले आणि तो चटईवर ठेवला.

"याच्यात बघा, काय लागतंय ते. तुम्हाला नको असेल तर तसंच उडवा. विमान तुमचं आहे."

*

डब्यात शिशाचे तुकडे होते. कुठला ठोकून चपटा केलेला, कुठला ओतून वडीसारखा पाडलेला. प्रत्येकावर खिळ्याने ओरखडून काहीतरी लिहिलेले.

माळावर शिसे विकत आणत नाहीत. विमान कोसळले की त्याच्या नाकातला तुकडा मातीतून शोधून डब्यात टाकतात, आणि पुढच्या ज्याला उणे पडेल तो त्यातून घेतो. करमरकर वर्षभर माळावर येत होते. हे त्यांनी पाहिले नव्हते असे नाही. ते आपल्या कामाचे नाही, असे त्यांनी ठरवले होते.

ते चटईवरच्या डब्याशी वाकले. मग त्यांनी आपला रुमाल हरिकेनच्या नाकावर पसरला.

"उचला," ते म्हणाले.

उस्ताद आणि गांगुर्डे यांनी विमान पुन्हा बोटांवर घेतले. करमरकर डब्यातून एकेक तुकडा काढून रुमालावर ठेवू लागले. ठेवण्याआधी प्रत्येकावरचे नाव वाचत होते. तसे करायला त्यांना कुणी सांगितले नव्हते.

"गणपुले."

"शाळामास्तर होते," उस्ताद म्हणाले. "त्यांचं विमान विहिरीत गेलं. शिसं काढायला स्वतः उतरले."

"अब्बास."

"माझा धाकटा भाऊ."

करमरकरांनी तो तुकडा इतरांपेक्षा हळू ठेवला.

"नि. गां."

"मी, मी!" गांगुर्डे म्हणाले. "शेजारच्या द्राक्षाच्या मांडवात घुसलं होतं. ऐन काढणीत. बायको चार दिवस बोलली नाही... बरे गेले चार दिवस."

"हात हलवू नका," उस्ताद म्हणाले.

शेवटी तळाशी एक लहान गोळी निघाली. मधून भोक असलेली, घासून गुळगुळीत झालेली. तिच्यावर काहीच लिहिलेले नव्हते.

"ही?"

"ती थॉमस साहेबांची. सांगाडा कसा बघायचा ते मला त्यांनी शिकवलं. केरळचे होते. त्यांच्या वडिलांच्या मासेमारीच्या जाळ्याची गोळी आहे."

"जाळ्याची?"

"जाळं बुडावं म्हणून लावतात."

करमरकरांनी ती गोळी तळहातावर घेतली. बुडवण्यासाठी ओतलेले शिसे किती विमानांच्या नाकात बसून उडाले असेल, असा हिशेब त्यांच्या मनात आला. तो पुरा न करताच त्यांनी गोळी रुमालावर ठेवली.

डबा रिकामा झाला.

शेपूट वर आले होते. विमान जवळजवळ सपाट झाले होते... जवळजवळ. नाक अजून झुकत नव्हते.

"थोडंच उणं आहे," गांगुर्डे म्हणाले. "चिमूटभर."

उस्तादांनी शेपटीकडे पाहिले नाही. हे दोन्ही पाठांत स्पष्टपणे सांगितले आहे.

करमरकरांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. ते विमानाच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसले. एक स्क्रू फिरवला, दुसरा फिरवला. पितळी पाटी हातात आली. ती घेऊन ते बोटांवर उचललेल्या विमानाला वळसा घालून पुढे आले. शेपटीपासून नाकापर्यंत सात-आठ पावले असतील. सुनंदाबाई म्हणतात, तेवढे चालायला त्यांना फार वेळ लागला.

त्यांनी पाटी थॉमस साहेबांच्या गोळीशेजारी ठेवली.

नाक झुकले. किंचित.

"बास," उस्ताद म्हणाले.

*

शिसे आणि पाटी इंजिनाच्या बैठकीला पट्टीने आवळून बसवायला पाऊण तास लागला. वरून आवरण चढले, तेव्हा बाहेरून काहीच दिसेना.

"नाव आत गेलं," करमरकर म्हणाले. तक्रार नव्हती, नुसते सांगणे होते.

"सगळ्यांचीच आत आहेत, साहेब."

इंजिन सुरू झाले. रिमोट करमरकरांच्या हातात होता, उस्ताद त्यांच्या डाव्या खांद्याशी उभे होते. हरिकेन मातीच्या धावपट्टीवरून पळाले, शेपूट उचलले गेले, आणि चाके जमिनीवरून सुटली. पहिल्या वळणावर वाऱ्याचा एक झोत आला. पंख कलला. आणि विमान आपणहून सावरले.

"काय केलंत तुम्ही?" गांगुर्डे यांनी विचारले.

"काहीच नाही," करमरकर म्हणाले. "त्यानंच धरलं."

ते अकरा मिनिटे उडाले आणि उतरले. उतरल्यावर करमरकरांनी इंजिन बंद केले, गरम आवरणावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. मग ते कडुनिंबाखाली गेले आणि थर्मासमधला पहिला चहा त्यांनी सुनंदाबाईंना ओतून दिला. एरवी उलटे असते. ही नोंद फक्त सुनंदाबाईंच्याच पाठात सापडते.

*

कासारांची गोष्ट घंटा वाजली की संपते. ही तिथे संपत नाही.

तीन वर्षांनी हरिकेन एका बाभळीवर आदळले. वाचण्यासारखे फारसे उरले नाही. करमरकर आणि सुनंदाबाई दुपारपर्यंत माती चाळत होते. एकूणएक तुकडा मिळाला. जाळ्याची गोळी सर्वांत शेवटी, सुनंदाबाईंना.

पुढच्या रविवारी करमरकर माळावर आले. उस्ताद आता स्कूटर चालवत नसत, त्यांना कुणीतरी आणून सोडी. डबा त्यांच्या पायाशी होता. करमरकरांनी त्यात एकेक तुकडा नाव वाचून ठेवला. सर्वांत वर पितळी पाटी ठेवली. ती वाकली होती. 'एकहाती' हा शब्द खरवडून काढलेला होता, आणि नावाच्या शेजारी खिळ्याने दुसरे एक नाव ओरखडले होते: 'सुनंदा'.

"उस्ताद, तुमचं शिसं..." ते म्हणाले.

उस्तादांनी पाटी उचलून उन्हात धरली, वाचली, आणि परत ठेवली. करमरकर झाकण लावायला वाकले.

"राहू द्या उघडं," उस्ताद म्हणाले. "गांगुर्डे नवीन विमान घेऊन येतायत."