वाघजाईच्या चढणीवर एकेचाळीस किका

“...पण मग खरी कुठली, उस्ताद? किक, की सेल्फ?”

सकाळपासून रणधीरनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

निसार उस्तादांनी बशीतला शेवटचा घोट घेतला, मिशी पुसली आणि कप पालथा घातला.

हे उस्ताद म्हणजे पाटण खोऱ्यात, वाघजाईच्या पठाराखाली पत्र्याच्या शेडमध्ये राहणारे म्हातारे मिस्त्री. चार फुगीर चाकं, मोटरसायकलसारखं हँडल आणि एकट्यापुरती बैठक, अशा क्वाड गाड्या डोंगरवाटेनं कशा हाकायच्या ते शिकवायचे. पुण्या-कोल्हापूरची पोरंपोरी त्यांच्याकडं यायची. दर रविवारी आठ-दहा गाड्यांची रांग पठारावर निघायची आणि सगळ्यांत पुढं उस्तादांची गाडी असायची. चढणीवर मागं कुणी अडकलं, की उस्तादच गाडी उभी करून पायी खाली यायचे. वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

आता मात्र त्यांचा गुडघा गेला होता. उद्याच्या रविवारपासून सगळ्यांत पुढं दुसऱ्या कुणाची तरी गाडी असणार होती, आणि ती कुणाची हे उस्ताद आज सांगणार होते. नावं दोनच. सहा वर्षं उस्तादांच्या मागोमाग दुसऱ्या नंबरावर राहिलेला रणधीर घाटगे, आणि तीन वर्षांमागं आलेली देवयानी खरात.

रणधीरला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यापायी त्याला आठवडाभर झोप नव्हती. देवयानी पुढं आणि आपण तिची धूळ खात मागं, हा विचार आला की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

देवयानीच्या गाडीला सेल्फ होता. बटण दाबलं की इंजिन चालू. रणधीरनं मात्र गेल्याच महिन्यात आपल्या गाडीतली बॅटरी काढली, सेल्फची मोटर काढली. वजन कमी, आणि भरवसा फक्त स्वतःच्या पायावर. त्याच झपाट्यात त्यानं हातब्रेकही काढून टाकला. “थांबायला कोण आलंय इथं?” असं वर म्हणाला होता, शहाणा.

“उस्ताद, ज्याला स्वतःच्या पायानं गाडी चालू करता येत नाही, त्यानं दहा जणांच्या पुढं राहावं का? तुम्हीच सांगा.”

उस्तादांनी त्याच्याकडं पाहिलं.

“लेका, तू किकचं विचारतोयस की उद्याचं?”

रणधीर गडबडला. कान तापले.

“...दोन्हीचं.”

“मग चढणीवर ये. मी पुढं होतो.”

उस्ताद लंगडत आपल्या गाडीपाशी गेले. ते किक मारतात की बटण दाबतात, हे बघायला रणधीर चांगला वाकला. पण नेमकी उस्तादांची पाठ आड आली, आणि गाडी धडधडत निघूनही गेली.

वाघजाईची चढण म्हणजे नुसता सुटा मुरूम. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला करवंदीच्या जाळ्या. तिथं पोरांनी आपला एक रिवाज पाडला होता. चढता चढता ज्यानं गाडीचं तोंड खाली फिरवलं, त्यानं त्या दिवशी सगळ्यांच्या गाड्या धुवायच्या. हा नियम उस्तादांनी केलेला नव्हता. त्यांनी तो मोडलाही नव्हता.

सहा वर्षांत रणधीरनं दुसऱ्या कुणाच्या गाडीला पाण्याचं बोट लावलेलं नव्हतं.

तो एका किकेत निघाला. अंगठ्यानं थ्रॉटल दाबत, अंग पुढं झुकवत, मुरूम उडवत वर आला. चढण जिथं सगळ्यांत उभी आहे, तिथं कातळावर उस्ताद बसले होते. त्यांनी हात वर केला.

“थांब. बंद कर.”

“इथं?”

“इथं.”

रणधीरनं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, उजव्या हाताची बोटं पुढच्या ब्रेकवर, असा तो टेकून राहिला.

“आता चालू कर,” उस्ताद म्हणाले.

रणधीर हसला. किकेचा दांडा बाहेर काढायला त्यानं उजवा पाय उचलला... आणि गाडी मागं घसरली. पुढची चाकं आवळलेली होती, पण मुरमावर ती नुसती फरफटली. त्यानं घाईनं पाय पुन्हा ब्रेकवर दाबला.

ब्रेक उजव्या पायाला आणि किकही उजव्याच पायाला. सहा वर्षांत तो या चढणीवर कधी थांबलाच नव्हता, मग हे कळणार कुठून?

त्यानं पुन्हा पाय उचलला. गाडी पुन्हा हातभर मागं गेली.

“हातब्रेक लाव,” उस्ताद म्हणाले.

“...काढलाय.”

“अस्सं.”

उस्ताद हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं रणधीरला वाटलं. ते कातळावरून उतरले, गुडघा सांभाळत आले, आणि दोन चांगले दगड बघून मागच्या दोन्ही चाकांना लावले. मग जागेवर जाऊन बसले आणि फडक्यातली भाकरी सोडली.

“मार आता.”

रणधीरनं किक मारली. गाडी चालू झाली नाही. दुसरी मारली, तिसरी मारली. इंजिन तापलेलं, गाडी तिरकी, त्यात त्यानं चिडून थ्रॉटल दाबलेला, आत पेट्रोल जास्त झालं. दहाव्या किकेला दांडा उलटा फिरला आणि सपकन नडगीवर बसला.

“आई गं!”

उस्ताद भाकरी खात होते.

रणधीर इरेला पेटला. हेल्मेट काढून त्यानं जाळीवर टाकलं. मोज्यात रक्त उतरलं, तरी थांबला नाही. तिसाव्या किकेला त्याचा पाय थरथरायला लागला. पस्तिसाव्याला त्यानं गाडीला अशी शिवी घातली की उस्तादांनी घास तोंडाशी थांबवला. एकेचाळिसाव्या किकेनंतर तो हँडलवर डोकं टेकून नुसता धापा टाकत राहिला.

“एकेचाळीस,” उस्ताद म्हणाले.

“मोजताय होय?”

“दुसरं काय काम आहे मला?”

“उस्ताद,” रणधीर घाम पुसत म्हणाला. आवाज बसला होता. “सेल्फ असता, तर पाय ब्रेकवर राहिला असता. बोटानं चालू झाली असती. हेच दाखवायचं होतं ना मला? घ्या, मानलं. सेल्फ खरा.”

“काल देवयानीलाही इथंच थांबवलं होतं.”

रणधीरनं मान वर केली.

“मग?”

“बटण दाबलं तिनं. चार वेळा नुसती गुरगुरली गाडी. पाचव्याला तेही नाही. बॅटरी बसली.”

“मग किक...”

“माझ्या गाडीला दोन्ही आहेत. दोन्ही दगा देतात.”

“मग वर कशी गेली ती?”

उस्तादांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि तोंडात घातला.

रणधीर विचार करत राहिला. मग त्याला आठवलं. काल संध्याकाळी तो आला, तेव्हा शेडसमोर देवयानी बादली घेऊन एकामागून एक गाडी धूत होती. त्यानं विचारलंही नव्हतं. तो फक्त मोठ्यांदा हसला होता.

त्यानं खाली पाहिलं. उतार चांगला दीडशे पावलांचा होता. तोंड खाली करून गाडी सोडली, दुसऱ्या गिअरात घातली, आणि वेग आला की क्लच सोडला, तर इंजिन चालू होणार. हे त्याला ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी शिकला होता. पण तोंड फिरवायचं? इथं? आज?

“मी फिरवणार नाही,” तो म्हणाला.

“तुला फिरव म्हटलं कुणी?”

त्यानं आणखी एक किक मारायला पाय उचलला. पाय वर गेला, तसाच थांबला... आणि खाली आला.

तो गाडीवरून उतरला. लाज वाटत होती.

मग त्यानं बाह्या सरसावल्या. मागचा दांडा दोन्ही हातांनी धरला, दात आवळले आणि गाडीचं मागचं टोक वीतभर आडवं ओढलं. दगड सुटणार, तेवढ्यात उस्ताद भाकरी ठेवून आले आणि दगड सरकवून पुन्हा चाकाला लावला. रणधीरनं पुन्हा ओढलं. उस्तादांनी पुन्हा दगड लावला. वीत-वीत करत गाडी आडवी झाली, आणि मग तिचं तोंड खाली झालं.

रणधीर बसला. उस्तादांनी दगड काढले.

गाडी सुटली. मुरूम करकरला. निम्म्या उतारावर त्यानं क्लच सोडला, मागची चाकं एकदा अडखळली, इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं, आणि चालू झालं. तो तळाशी गेला, वळला, आणि तसाच पुन्हा चढायला लागला. या वेळी तो न थांबता कातळाच्या वर गेला, सपाटी आली तिथं गाडी उभी केली, आणि पायी खाली उतरून उस्तादांपाशी आला. नडगीवरचं रक्त वाळलं होतं.

“संध्याकाळी गाड्या मी धुतो,” तो म्हणाला.

“हं.”

“आणि उद्या पुढं देवयानीच राहू द्या, उस्ताद. ती पाचव्याला वळली. मला एकेचाळीस लागल्या.”

सहा वर्षं काय थोडी होती? पण बोलला, आणि मान खाली घातली नाही.

उस्तादांनी फडकं झटकलं, घडी घातली.

“मीही तेच ठरवलंय. पुढं देवयानी.”

“बरं.”

“तू सगळ्यांत शेवटी.”

रणधीरला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

“शेवटी? दुसऱ्या नंबरावरही नाही? एवढं काय चुकलं माझं, उस्ताद?”

उस्तादांनी चाकामागून काढलेले ते दोन दगड उचलले, त्यांवरची माती झटकली आणि त्याच्या हातात दिले.

“पुढं कुणीही चालतं, लेका. मागं ठेवायला माणूस मिळत नव्हता.”