साठपट पाणी

दिवाण गिरमाजीपंतांनी नगराच्या पाटाला नवं दगडी तोंड बसवलं आणि दरबारात मिशीला पीळ भरत सांगितलं, "महाराज, पूर्वी पाटातून दर पळाला एक घागर पाणी यायचं. आता दर घटकेला साठ घागरी येतात! पाणी साठपट झालं. तेव्हा त्यातलं अर्धं माझ्या बागेकडे वळवण्याचा हुकूम व्हावा."

राजा खूश होऊन हुकूम लिहायला बसला. नगराला पाणी वाटून देणारी सगुणा पाटकरीण मात्र चरकली. अर्धं पाणी गेलं, तर खालची आळी तहानेने मरणार होती. एका घटकेत पळं साठच असतात, हे तिला रोजच्या मोजणीने पाठ होतं. पण भर दरबारात दिवाणाला खोटं कोण पाडणार?

ती हात जोडून म्हणाली, "महाराज, एवढ्या कामाला बक्षीसही तसंच हवं. दिवाणजींना रोज मानाचा एक विडा मिळतो. आता महिन्याला तीस द्या."

"अगं, मग त्यात वाढलं काय?" दिवाण उसळले.

"तीसपट झाले की, सरकार," सगुणा शांतपणे म्हणाली. "तुमच्याच मापाने."

राजाने लेखणी खाली ठेवली आणि विड्यांचं तबक दिवाणांपुढे सरकवलं. त्यात विडा एकच होता.