दुपारची राखण

"पण तो आत्ता कुठं आहे?" अक्कांनी विचारलं.

शैलजा धावत आली होती. धाप लागलेली, डोळे भरलेले, आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. चुलीजवळ बसून अक्का पोरांच्या सदऱ्यांना गुंड्या लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अक्का, ऐकलंत ना मी काय म्हणाले? मारोती बोलला! माझ्यापाशी बोलला!"

"ऐकलं. आत्ता कुठं आहे तो?"

...

मांजरा नदीच्या काठी हा मठ. मठ म्हणजे काय, तीन खोल्या, लांबलचक ओसरी, अंगणात एक लिंब आणि एक विहीर. रुक्माक्कांच्या गुरूंनी इथं जप केला. अक्का जप करायला बसल्या, तेव्हा पहिलं टाकलेलं लेकरू कुणीतरी उंबऱ्यावर आणून ठेवलं, आणि जप तिथंच राहिला. "तेव्हापासून देवाला फुरसत नाही अन् मलाही नाही," असं त्या म्हणत.

शैलजा याच मठात वाढली. मुलांमध्ये काम कसं करावं याचं शिक्षण घ्यायला शहरात गेली, पदवी घेऊन परत आली. हुशार होती. आपण हुशार आहोत हेही तिला चांगलं ठाऊक होतं.

मारोती वीटभट्टीवरून आला होता. आठ वर्षांचा असेल. भट्टीसाठी माती काढलेल्या खड्ड्यात पाणी साचलं होतं, त्यात त्याची धाकटी बहीण रेणी बुडाली. त्या दिवसापासून हा मुका झाला. आईबापांना पोटासाठी दुसऱ्या भट्टीवर जावं लागलं. जाताना त्यांनी पोराला मठात आणून सोडलं. आई रडली, बाप रडला. पोरानं मान फिरवली.

इथं तो जेवायचा, सांगितलेलं ऐकायचा. बोलायचा मात्र नाही. आणि दुपारी सगळी पोरं ओसरीवर ओळीनं झोपली की हा एकटा जागा राहायचा, ओसरीच्या कडेला, खांबाला टेकून, विहिरीवर डोळे लावून.

शैलजानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्याला पाण्याची भीती बसली आहे.

...

"तिथंच ओसरीवर आहे तो. पण आधी ऐका तरी, अक्का! मी रोज दुपारी त्याच्याजवळ ओली माती घेऊन बसत होते. काही विचारायचं नाही, नुसतं बसायचं. आज त्यानं मातीचा एक माणूस केला आणि आडवा ठेवला. मी विचारलं, हा कोण? तर म्हणाला, मी!"

"मग?"

"म्हटलं, तू काय करतोयस? तर म्हणाला..." शैलजाचा आवाज जरा खाली आला. "म्हणाला, 'निजलोय. मला रेणीजवळ बसवलं व्हतं. मी निजलो अन् रेणी पान्यात गेली.'"

अक्कांच्या हातातली सुई थांबली.

"हे आजवर कुणालाच माहीत नव्हतं, अक्का. त्याच्या आईबापांनाही नसेल. शाळेचे गुरुजी हरले, डॉक्टर हरले..."

"तू त्याला काय म्हणालीस?"

"मी?"

"त्यानं हे सांगितलं. त्यावर तू काय म्हणालीस?"

शैलजा आठवू लागली. आठवायला वेळ लागावा इतकं ते लांबचं नव्हतं.

"शाब्बास म्हणाले."

...

चुलीत एक लाकूड खाली सरकलं.

"म्हणजे... बोलल्याबद्दल म्हणाले, अक्का. इतक्या महिन्यांनी तोंड उघडलं म्हणून."

"ते त्याला कसं कळावं?"

शैलजा हाताला लागलेली माती खरवडू लागली.

"लेकरानं आपला गुन्हा सांगितला," अक्का म्हणाल्या, "अन् तू शाब्बास म्हणालीस."

"गुन्हा कसला त्यात? एवढंसं लेकरू. दिवसभर विटा वाहून दमलेलं. लागला डोळा. त्याचा काय दोष?"

"हे त्याला सांगितलंस?"

"...नाही."

"मग मला कशाला सांगतेस?"

अक्कांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर शैलजाला बरं वाटलं असतं. आपण काय केलं ते आता तिला कळू लागलं होतं. इतके दिवस पोटात दाबून ठेवलेलं त्या पोरानं काढून हातावर ठेवलं होतं, आणि ती ते दाखवायला घेऊन पळत सुटली होती.

"मी त्याला म्हणाले, इथंच बस, मी आलेच."

अक्कांनी सदरा खाली ठेवला. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, आणि त्या वयाला न शोभेल इतक्या भरभर चालू लागल्या.

...

मारोती जिथं बसवला होता तिथंच होता. तसूभरही हलला नव्हता.

मातीचा माणूस मात्र नव्हता. त्याचा दाबून दाबून गोळा केलेला होता. मारोतीनं हात चड्डीला पुसून कोरडे केले होते, आणि डोळे पुन्हा विहिरीवर लावले होते.

हा पुन्हा मिटला, आणि आता कुणासाठीच उघडणार नाही, असं शैलजाला वाटलं. ती पुढं झाली, ओठ हलले. अक्कांनी मागं न बघता हात आडवा केला.

अक्का मारोतीशेजारी खाली बसल्या. बराच वेळ त्याही विहिरीकडं बघत राहिल्या. मागं पोरं झोपली होती. कडेची चिमी सगळ्यांत लहान, नुकती चालायला लागलेली. तिचा पाय मारोतीच्या पाठीला लागला होता.

"शैला," अक्का हळूच म्हणाल्या, "पाण्याला भ्यालेलं पोर विहिरीपासून लांब बसतं. हे कुठं बसलंय बघ."

शैलजानं बघितलं. एका बाजूला विहीर, एका बाजूला झोपलेली पोरं, आणि मधे मारोती.

ती रोज त्याच्या शेजारी बसत होती, आणि हे तिला दिसलं नव्हतं.

...

"मारोती," अक्का म्हणाल्या, "रोज तूच राखण करतोस व्हय रे या सगळ्यांची?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली नाही.

"कुणी सांगितलं नसताना?"

...

"एवढं मोठं काम. अन् या म्हातारीनं तुला एका दिवसाची सुट्टी दिली नाही. माझं चुकलं बघ."

मारोतीचा खालचा ओठ किंचित हलला.

अक्कांनी मागं वळून शैलजाला हाक मारली. "ये. इथं बस. याच्या जागेवर. विहिरीकडं तोंड कर."

मारोतीला हाताला धरून त्यांनी थोडं सरकवलं. शैलजा खांबाला टेकून बसली. खांब इतक्या दिवसांच्या टेकण्यानं गुळगुळीत झाला होता. अक्कांनी खांद्यावरची घोंगडी काढली, चिमीच्या शेजारी अंथरली आणि तळहातानं सारखी केली.

"नीज आता, बाळा. आज राखण ही करंल."

मारोती घोंगडीवर बसला. आडवा झाला नाही. तो शैलजाकडं बघत होता, एकटक. इतके दिवस ती त्याला पारखत होती. आज तो तिला पारखत होता, आणि तिला त्याच्या नजरेला नजर देणं जड जात होतं.

लिंबावरचा कावळा ओरडून उडाला. चिमीनं कूस बदलली.

...

"अन् ही निजली तर?"

आवाज घोगरा होता, न वापरलेला. शैलजाच्या तोंडाशी आलं होतं, 'मी नाही रे झोपणार, शपथ.' अक्कांचा हात तिच्या गुडघ्यावर पडला आणि तिथंच घट्ट राहिला.

शैलजानं शपथ गिळली.

अक्कांनी दुसरा हात मारोतीच्या डोक्यावर ठेवला.

"निजली, तर तिला कुणी बोल लावायचा नाही."