दवाखान्यातली घार

फार पूर्वी एका जंगलातल्या दवाखान्यात, पोटाचे फोटो वाचायला कुणीतरी हवं होतं. डॉक्टर साळिंदरांनी घुबडाला आणि घारीला अजगराच्या पोटाचा फोटो दाखवला. घुबड म्हणालं, "जरा नीट पाहू द्या." घार मात्र लगेच म्हणाली, "आत उंदीर आहे." अजगराने लाजत कबुली दिली. साळिंदर इतके खूश झाले, की त्यांनी घारीला तिथल्या तिथे कामावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी एक पोटुशी हरिणी आली. तिचा फोटो बघून घार म्हणाली, "भलामोठा उंदीर आहे. कापून काढा."

साळिंदर सुरीला धार लावू लागले.

"डॉक्टरसाहेब," हरिणी घाबरून म्हणाली, "मी गवत खाते हो. या बाईंना एकदा कोरा कागद दाखवून बघा ना."

साळिंदरांनी नाइलाजाने दाखवला. घारीने मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं.

"लहान आहे," ती म्हणाली, "पण उंदीरच."