दयाळाची रोजची नवी गाणी

मुलांनो, सागाच्या एका रानात एका दयाळ पक्ष्याचं बिऱ्हाड होतं. दयाळ म्हणजे तो काळा-पांढरा, शेपटी ताठ उभारून गाणारा. हा पठ्ठ्या दिवसाला चाळीस गाणी रचायचा. चाळीस! केलेलं गाणं पुन्हा म्हणून बघणं नाही, त्यातलं काही गाळणं नाही. एक संपलं की लगेच दुसरं. मधूनच एखादं असं निघायचं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. पण ते पुन्हा कधी कानावर पडायचं नाही. मला त्याचा राग येतो तो त्यामुळेच. गळा नसता तर कोण कशाला बोललं असतं?

त्या रानातल्या दयाळांची एक रीत होती. पिल्लं घरट्यात असतानाच बापानं एक गाणं ठरवायचं आणि तेच रोज त्यांना ऐकवायचं. मग पिल्लं उडून रानात पांगली, तरी त्या गाण्याच्या मागावर घरी परत येत. गाणं बापाचंच; आयांना ते जमत नसे. आपल्या दयाळाच्या घरट्यात तीन पिल्लं होती. शेजारच्या फांदीवर एक म्हातारा तांबट राहायचा, दिवसभर नुसतं टुक टुक करणारा. तो एकदा म्हणाला, "बाबा रे, परवाचं तुझं ओढ्याचं गाणं फार गोड होतं. त्यातल्या मधल्या दोन ओळी गाळ आणि तेवढं एकच गाणं पिल्लांना दे. बाकीची सोडून दे."

"सोडून देऊ?" दयाळ उसळला. "सगळी माझी लेकरं आहेत ती! आणि हे मला कोण सांगतंय? जन्मभर टुक टुक करणारा!"

दयाळीण हळूच म्हणाली, "अहो, ते बरोबर सांगताहेत. एक काय ते ठरवा. पिल्लांना पंख फुटलेत."

"ठरवतो गं उद्या. आज छान सुचतंय," दयाळ म्हणाला आणि पुन्हा गायला लागला.

त्याचा उद्या काही उजाडला नाही. एका दुपारी पिल्लं पहिल्यांदाच उडाली आणि नेमकी वावटळ सुटली. तिघं तीन दिशांना फेकली गेली. वारा पडल्यावर दयाळीण म्हणाली, "बोलवा हो त्यांना! त्यांच्या ओळखीचं गाणं म्हणा!" दयाळानं चोच उघडली आणि तशीच ठेवली. ओळखीचं कोणतं? ओढ्याच्या गाण्याची तर त्याला एक ओळही आठवेना. मग तो सुचेल ते गाऊ लागला. धाकटं पिल्लू अगदी जवळ, पळसाच्या झुडपात होतं. त्यानं ऐकलं आणि त्याला वाटलं, हा कुणी परकाच ओरडतोय. बिचारं घाबरून आणखी लांब पळालं. अंधार पडेपर्यंत एकही पिल्लू आलं नाही, आणि त्यानंतरही कधी आलं नाही. दयाळीण त्यांना शोधायला गेली, ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या घरट्यापाशी बसून दयाळानं एक गाणं म्हटलं. साधंच, चार ओळींचं. ते ऐकून म्हाताऱ्या तांबटाला हुंदका आवरेना. "बस, आता थांब," तो म्हणाला. "एवढं एक तरी जप. पिल्लांसाठी जप."

"हो, हो," दयाळ म्हणाला. "पण जरा थांब, ह्याच्यावरच आणखी एक सुचतंय."

दुपारपर्यंत पिल्लांच्या दुःखावर किती गाणी झाली, ते कुणी मोजलं नाही. तांबट केव्हाच उडून गेला होता. संध्याकाळी दयाळाला सकाळचं गाणं पुन्हा म्हणावंसं वाटलं. त्यानं खूप आठवून पाहिलं, पण त्यातलं काही हाती लागलं नाही.

तात्पर्य : भरभरून सुचणं ही देणगी खरी, पण जो निवडत नाही, टाकत नाही, त्याचं एकही गाणं कुणाच्या कामी येत नाही, त्याच्या स्वतःच्या लेकरांच्याही नाही.