राजेसाहेबांचा आचारी डावावर

वाघदरीचे राजे गजोजीराव तीन पत्तीत हत्ती हरले! आदल्या दिवशी नगारा गेला होता, त्याच्या आदल्या दिवशी छत्री. सगळं जिंकत होते त्यांचेच मेहुणे, सरदार रंगराव. कोणी कितीही मोठी बोली लावो, गजोजीराव हातातली पानं टाकायचेच नाहीत. "राजा माघार घेत नाही!" असं गरजायचे आणि हरायचे.

रांजण भरणारी साळू फिसकन हसली.

"हसतेस?" राजे कडाडले. "ये, माझ्यामागे उभी राहा! पानं केव्हा टाकायची ते सांग. पण माघार न घेता टाकता आली पाहिजेत! नाही जमलं, तर सहा महिने चाळणीनं पाणी भरशील!"

साळूनं घागर खाली ठेवली. मागे जाऊन उभी राहिली.

राजे, रंगराव, दिवाण आणि चिटणीस अशा चौघांनी एकेक नारळ मध्ये ठेवला. दिवाणांनी पानं टाकली, चिटणिसांनी टाकली. राजांनी पानं हातातच ठेवली. शेवटी बोलायची पाळी रंगरावांची.

"माझ्याकडून हत्ती! तुमच्याकडून सिंहासन!"

"लढा, महाराज," साळू पुटपुटली.

राजांकडे दोन नव्व्या निघाल्या. रंगरावांकडे दुर्री, पंजी, सत्ती! हत्ती परत आला.

दुसऱ्या डावात पुन्हा चार नारळ मध्ये आले आणि पहिली पाळीच रंगरावांची. पानं बघताच ते म्हणाले, "माझा घोडा! ज्याला यायचं त्यानं आपला आचारी लावावा!"

राजांचा चेहरा पडला. सिंहासनाचं एक वेळ ठीक, पण आचारी? दिवाण आणि चिटणिसांनी घाईघाईनं पानं खाली ठेवली.

"टाका, महाराज," साळू म्हणाली.

"का? माझ्या हातात राजा आहे!"

"आहे की. पण सोबत सत्ती आणि चौकी. कामाचं माणूस एक नाही!"

"मघाशी तर लढा म्हणालीस!"

"मघाशी सरदार सगळ्यांच्या मागून बोलले. दोघं गप्प झालेले बघून नुसते ओरडले. आत्ता तिघं बोलायचे बाकी असताना बोलले. विहिरीवर अजून कोणी तोंड उघडलेलं नसताना जी पहिली भांडायला पदर खोचते ना, तिची घागर खरंच फुटलेली असते! तिच्या वाटेला जाऊ नये."

"पण मी माघार घेणार नाही!"

"माघार कोण घ्यायला सांगतंय?" साळूनं कमरेवर हात ठेवले. "ही तीन पानं तुमची चाकर. आज त्यांच्यानं काम होत नाही. राजानं चाकरांना रजा द्यायची नाही, असा कायदा आहे का?"

गजोजीरावांनी क्षणभर पानांकडे बघितलं, मग ऐटीत ती खाली ठेवली. "जा रे! तिघांना रजा!"

रंगरावांनी चिडून आपली पानं आपटली. तीन एक्के! आणि जिंकले काय? चार नारळ!

राजे इतके हसले, इतके हसले, की पगडी रांजणात पडली. ती तशीच गळती डोक्यावर चढवून त्यांनी हुकूम सोडला, "साळूला सोन्याच्या पाटल्या आणि एक दुभती म्हैस! आणि सरदारांना खोबऱ्याच्या वड्या करायला किसणी द्या!"